नेपाळचा तरुण आणि मतपेटीपर्यंतची वाट

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूच्या रस्त्यांवर जे घडले, त्याचा अर्थ लावताना आपल्याकडे बहुतेकांनी समाजमाध्यमांवरील बंदीकडे बोट दाखविले. ४ सप्टेंबरला ओली सरकारने सव्वीस समाजमाध्यमे बंद करण्याचा हुकूम काढला. ८ सप्टेंबरला विद्यार्थ्यांचे व तरुणांचे मोर्चे संसद भवनाकडे निघाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्या एका दिवसात १९ जणांचा बळी गेला. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. संसद, सिंहदरबार आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या इमारती पेटल्या. मृतांचा आकडा पुढे सत्तरीच्या वर गेला. १२ सप्टेंबरला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचे हंगामी सरकार अधिकारावर आले, प्रतिनिधिसभा विसर्जित झाली आणि ५ मार्च २०२६ ही मतदानाची तारीख मुक्रर करण्यात आली.

त्या निवडणुकीत कोण जिंकले आणि कोण हरले, याची चर्चा दैनिकांनी करावी. येथे विचार करावयाचा आहे तो एका अधिक मूलभूत प्रश्नाचा. नेपाळात २००८, २०१३, २०१७ आणि २०२२ अशा चार सार्वत्रिक निवडणुका झाल्या. देशी-विदेशी निरीक्षकांनी त्या एकंदरीत ग्राह्य मानल्या. सत्तेवरचे पक्ष हरले आणि त्यांनी सत्ता सोडली. मग ज्या देशात मतपेटी फोडली जात नाही, मोजणी रीतसर होते, त्या देशातील तरुणाला आपले म्हणणे मांडण्यासाठी मतपेटी सोडून रस्त्यावर का यावे लागले? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की, निवडणुकीचा निःपक्षपातीपणा केवळ मतदान केंद्राच्या चार भिंतींत मोजण्याची सवय किती अपुरी आहे, हे ध्यानात येते. मतदार मतपेटीपर्यंत पोहोचू शकतो काय, आणि पोहोचल्यावर त्याच्या हाती पडणाऱ्या मतपत्रिकेवर कोणाची नावे असतात व ती कोणी ठरविलेली असतात, या दोन प्रश्नांवर नेपाळची लोकशाही अडली आहे.

बंदुकीकडून मतपत्रिकेकडे

१९९६ च्या फेब्रुवारीत माओवाद्यांनी सुरू केलेला सशस्त्र संघर्ष २१ नोव्हेंबर २००६ च्या सर्वंकष शांतता कराराने संपला. दहा वर्षांत सुमारे १७ हजार माणसे मारली गेली. तेराशेहून अधिक जण बेपत्ता झाले ते आजतागायत सापडलेले नाहीत. या संघर्षाचे इंधन तरुणच होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पथकाने माओवादी छावण्यांतील सैनिकांची छाननी केली तेव्हा १९,६०२ जण पात्र ठरले आणि ४,००८ जण अपात्र. या अपात्रांपैकी २,९७३ जण युद्धबंदीच्या वेळी अल्पवयीन होते. ज्यांच्या हाती शाळेची पाटी असावयाची त्यांच्या हाती बंदूक दिली गेली, आणि शांततेचा हिशेब करण्याची वेळ आली तेव्हा त्यांना 'अयोग्य' हा शिक्का मारून २०१० मध्ये छावणीबाहेर काढण्यात आले. त्यांच्या पात्र सोबत्यांना पुढे लष्करात प्रवेश किंवा काही लाखांची रोख रक्कम मिळाली. या मुलांच्या वाट्याला तेव्हा ते आले नाही. राजकीय पक्ष तरुणांना वापरतात आणि मग विसरतात, ही भावना नेपाळात केवळ भाषणातून जन्मलेली नाही. तिच्यामागे असा अनुभव आहे.

तरीही संघर्षानंतरची पहिली निवडणूक ही एक मोठी झेप होती, हे मान्य केले पाहिजे. दोनदा पुढे ढकलली गेलेली संविधान सभेची निवडणूक १० एप्रिल २००८ रोजी झाली. ६०१ सभासदांच्या त्या सभेत ३३५ जागा प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने भरल्या गेल्या. दलित, जनजाती, मधेशी आणि स्त्रिया प्रथमच एवढ्या संख्येने सत्तेच्या सभागृहात आल्या. निरीक्षकांनी धाकदपटशाच्या घटना नोंदविल्या, पण निकाल नाकारला नाही. माओवादी पक्ष सर्वांत मोठा ठरला. बंदूक ठेवून मतपत्रिका हाती घेणाऱ्या पक्षाला जनतेने दिलेली ती संधी होती.

पण ती सभा चार वर्षांत संविधान देऊ शकली नाही आणि २८ मे २०१२ रोजी विसर्जित झाली. दुसरी निवडणूक घेण्याच्या बाबतीत पक्षांचा एकमेकांवर इतका अविश्वास होता की, विद्यमान सरन्यायाधीश खिलराज रेग्मी यांनाच सरकारप्रमुख करावे लागले. बारा वर्षांनंतर, २०२५ मध्ये पुन्हा एका माजी सरन्यायाधीशांना निवडणूक घेण्यासाठी पाचारण करण्यात आले. जे पक्ष स्वतः एकत्र बसून निवडणुकीचा पंच ठरवू शकत नाहीत, त्यांच्याविषयी तरुणांच्या मनात शंका आली तर तिला उतावळेपणा म्हणता येणार नाही.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली, जिची चर्चा फारशी होत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका १९९७ नंतर थेट २०१७ मध्ये झाल्या. मध्यंतरी राजाने २००६ साली उरकलेला आणि पक्षांनी बहिष्कार घातलेला नगरपालिका निवडणुकांचा प्रयोग सोडून द्यावा. म्हणजे १९९८ साली अठरा वर्षांचा झालेल्या तरुणाने आपल्या वॉर्डाचा अध्यक्ष निवडण्यासाठी प्रथम मत दिले ते वयाच्या सदतिसाव्या वर्षी. लोकशाहीची शाळा गावात भरते. तीच वीस वर्षे बंद राहिली. ती उघडली तेव्हा काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक वॉर्डात एक दलित स्त्री सभासद असलीच पाहिजे या कायद्यामुळे सहा हजारांहून अधिक दलित स्त्रिया २०१७ मध्ये निवडून आल्या, आणि २०२२ च्या स्थानिक निवडणुकीत बालेन्द्र शाह हा तरुण अपक्ष उमेदवार काठमांडूचा महापौर झाला. वाट मोकळी ठेवली तर तरुण तिच्यावरून चालतात. ते राजकारणाला विटलेले आहेत हा आरोप निराधार आहे.

गैरहजर मतदाराचे अर्थशास्त्र

आता मतपेटीपर्यंतच्या वाटेचा विचार करू. २००८ च्या मतदारयादीत १ कोटी ७६ लाख नावे होती. २०१३ च्या निवडणुकीसाठी छायाचित्र व बोटांचे ठसे घेऊन नवी यादी केली गेली, तेव्हा ती १ कोटी २१ लाखांवर आली. जुन्या यादीत मृतांची आणि दुबार नावे होती, ती गळाली हे योग्यच झाले. परंतु केवळ मृतांनी आणि दुबारांनी पंचावन्न लाखांचा फरक पडत नाही. नोंदणीच्या वेळी स्वतः हजर राहणे आवश्यक होते, आणि लाखो नेपाळी तरुण त्या वेळी देशातच नव्हते. यादी जितकी निर्दोष झाली तितका गरीब मतदार तिच्यातून सुटला, असा हा विरोधाभास आहे.

२०२१ च्या जनगणनेत नेपाळची लोकसंख्या २ कोटी ९१ लाख भरली. परदेशी असलेल्यांची संख्या सुमारे २१ लाख ९० हजार नोंदली गेली आणि त्यांत पाचांपैकी चाराहून अधिक पुरुष होते. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात, नूतनीकरण धरून, सात लाखांहून अधिक लोकांना परदेशी कामाचा परवाना दिला गेला. भारतात येणाऱ्यांना परवाना लागतच नाही. ते या हिशेबाबाहेर आहेत. कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अमिराती, कुवेत, मलेशिया येथे राबणाऱ्या या श्रमिकांनी पाठविलेला पैसा नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक चतुर्थांशाहून अधिक भरतो. दुसरीकडे २०२२-२३ च्या जीवनमान पाहणीत बेकारीचे प्रमाण १२.६ टक्के आणि दारिद्र्यरेषेखालील लोकांचे प्रमाण २०.२७ टक्के आढळले. म्हणजे तरुणाला देशात काम नाही आणि काम आहे तेथे त्याला मत नाही.

जो देशात राहत नाही, कर भरत नाही, त्याला मत कशाला, असा आक्षेप काही प्रतिष्ठित मंडळी घेतात. या आक्षेपाचा पाया अर्थशास्त्रदृष्ट्या कच्चा आहे. नेपाळ सरकारच्या महसुलाचा फार मोठा हिस्सा सीमेवरील जकात आणि आयात मालावरील करांतून येतो. हा आयात माल कोणत्या पैशाने विकत घेतला जातो? दोहाच्या उन्हात इमारती बांधणाऱ्या मजुराने घरी पाठविलेल्या पैशाने. त्याची बायको बाजारातून तेल, कापड, औषध आणते तेव्हा तो मजूरच कर भरत असतो. अप्रत्यक्ष करांचे ओझे गरिबावर अधिक पडते हे अर्थशास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे, आणि येथे ते परदेशी राबणाऱ्या गरिबावर पडते. जो राज्याची तिजोरी भरतो त्यालाच राज्यकर्ता निवडण्याचा हक्क नाही, ही अवस्था कोणत्याही समाजवाद्याला अस्वस्थ करणारी आहे.

नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये, परदेशी असलेल्या नागरिकांना मतदान करता यावे अशी व्यवस्था करण्याचा आदेश सरकारला दिला. त्यानंतर २०२२ ची निवडणूक आली आणि गेली. व्यवस्था झाली नाही. तांत्रिक अडचणींचे कारण पुढे केले जाते. परंतु निवडणुकीच्या कामावरील कर्मचारी, सुरक्षा दलांचे जवान आणि तुरुंगातील कैदी यांच्यासाठी 'अस्थायी मतदारयादी' करून, त्यांना प्रमाणशीर पद्धतीच्या मतपत्रिकेवर मत देण्याची सोय पूर्वीच्या निवडणुकांत केली गेलेली आहे. त्यांना जे देता येते ते कुवेतमधील कामगाराला देता येणार नाही, हे म्हणणे पटण्यासारखे नाही. फिलिपिन्स हा नेपाळसारखाच श्रमिक निर्यात करणारा देश; त्याने २००३ मध्येच कायदा करून परदेशी राबणाऱ्यांना मताचा हक्क दिला. अडचण यंत्राची नसून इच्छेची आहे. परदेशातील मजूर कोणत्याही गावपुढाऱ्याच्या मुठीत नसतो. त्याचे मत कोणत्या बाजूस जाईल याचा अंदाज बांधता येत नाही. असा मतदार प्रस्थापित पक्षांना नको असतो.

भारतातील नेपाळी श्रमिकांची कथा याहून वेगळी नाही. मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांच्या फाटकांवर, खानावळींच्या भटारखान्यांत, रत्नागिरी-देवगडच्या आंब्याच्या बागांत राखणीला, कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार नौकांवर जे नेपाळी तरुण दिसतात, त्यांतील बहुसंख्य पश्चिम नेपाळच्या डोंगराळ भागांतले. मत द्यावयाचे तर त्यांनी रजा मागायची, रोजी बुडवायची, गोरखपूर किंवा बनबसापर्यंत रेल्वे व बसने आणि पुढे डोंगरातून गावी जायचे. शिवाय सुरक्षिततेच्या कारणास्तव मतदानापूर्वी बहात्तर तास सीमा बंद ठेवण्यात येते. २०२२ मध्ये तेच झाले. ज्याला रजा उशिरा मिळाली त्याच्यासाठी मतपेटीची वाट सीमेवरच संपते. १९५० च्या तहाने खुली ठेवलेली सीमा श्रमासाठी उघडी आणि मतासाठी बंद, असे हे चित्र आहे.

मधेशातील तरुणांची अडचण आणखी निराळी होती. मतदारयादीत नाव घालावयाचे तर नागरिकतेचे प्रमाणपत्र हवे. २००६ च्या कायद्यानुसार संविधान सभेच्या निवडणुकीआधी सुमारे २६ लाख लोकांना नागरिकता दिली गेली. पण त्यांतील ज्यांना जन्माच्या आधारे ती मिळाली त्यांच्या मुलांचा प्रश्न लोंबकळत राहिला. त्यासाठीचे विधेयक संसदेने संमत करूनही २०२२ मध्ये राष्ट्रपती विद्या भंडारी यांनी त्यावर सही केली नाही. मे २०२३ च्या अखेरीस राष्ट्रपती रामचंद्र पौडेल यांच्या सहीने ते कायद्यात आले. बाप मतदार आणि मुलगा बिननागरिक, अशी घरे त्या सतरा वर्षांत तराईत होती. या मुलांच्या दृष्टीने मतमोजणी किती चोख झाली या प्रश्नाला अर्थच नव्हता.

यादी कोणाच्या खिशात?

मतपेटीपर्यंत जो पोहोचला त्याच्यापुढे दुसरी अडचण उभी राहते. ऑक्टोबर २०१५ ते सप्टेंबर २०२५ या दहा वर्षांत नेपाळचे पंतप्रधानपद सात वेळा फिरले, आणि ते केवळ तीन व्यक्तींमध्ये फिरले: ओली, पुष्पकमल दाहाल 'प्रचंड' आणि शेरबहादुर देउबा. २०२२ च्या निवडणुकीत दाहाल यांच्या पक्षाला २७५ पैकी ३२ जागा मिळाल्या. तरी पंतप्रधान तेच झाले. २०२४ मध्ये सभागृहातील दोन सर्वांत मोठे पक्ष, जे एकमेकांविरुद्ध लढले होते, ते एकत्र आले आणि ओली पुन्हा पंतप्रधान झाले. आघाड्या करणे लोकशाहीत गैर नाही. पण मतदाराने कोणालाही मत दिले तरी तीच तीन माणसे आळीपाळीने सत्तेवर येणार असतील, तर मत देण्याचे प्रयोजन काय, असे विशीतल्या मुलाने विचारले तर त्याला कोणत्या तोंडाने उत्तर द्यावे?

प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत वंचितांना न्याय मिळावा म्हणून आली. प्रतिनिधिसभेच्या २७५ जागांपैकी ११० जागा या पद्धतीने भरल्या जातात. पण पक्षाची यादी बंदिस्त असते आणि ती नेतृत्व ठरवते. मतदार पक्षाच्या चिन्हावर शिक्का मारतो, माणूस निवडत नाही. दोन्ही संविधान सभांच्या वेळी तर मोजणी झाल्यावर यादीतील कोणाला सभासद करावयाचे हेही पक्षच ठरवीत असत. वंचितांसाठी उघडलेल्या दारातून नेत्यांचे नातेवाईक आणि धनिक उद्योगपती आत शिरले. उलट थेट निवडणुकीच्या १६५ जागांवर २०१७ मध्ये सहा आणि २०२२ मध्ये नऊ स्त्रिया निवडून आल्या. पक्षाच्या संसदीय गटात एक तृतीयांश स्त्रिया हव्यात ही संविधानाची अट पक्षांनी यादीतून भागविली आणि थेट लढतीची मैदाने पुरुषांसाठी राखून ठेवली. चांगल्या पद्धतीचा गाभा काढून घेऊन टरफल शिल्लक ठेवण्याची ही हातोटी आपल्या देशातील पक्षांनाही अपरिचित नाही.

थेट मतदारसंघात पैशाचा प्रश्न येतो. निवडणूक आयोग खर्चाची मर्यादा लाखांत ठरवून देतो आणि उमेदवार कागदावर तिच्या आत राहतात. मेजवान्या, वाहने आणि कार्यकर्त्यांचा रोजचा खर्च त्या कागदावर येत नाही. प्रतिनिधिसभेला उभे राहण्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. पंचविशी ओलांडलेल्या शिक्षकाच्या किंवा शेतकऱ्याच्या मुलाला वयाची अट अडवीत नाही, ठेकेदाराच्या पैशाशी स्पर्धा करणे अडवते.

विरोध नोंदविण्याचे मार्गही कसे अरुंद केले गेले ते पाहण्यासारखे आहे. कोणताही उमेदवार पसंत नसल्यास तसे नोंदविण्याची सोय मतपत्रिकेवर करावी, असा आदेश नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये दिला. त्यानंतर झालेल्या २०१७ आणि २०२२ च्या निवडणुकांत ती सोय नव्हती. २०२२ मध्ये काही तरुणांनी त्याच त्या नेत्यांना पुन्हा निवडून देऊ नका, असे आवाहन करणारी मोहीम फेसबुकवर चालविली. निवडणूक आयोगाने तिच्या चालकांना कारवाईची धमकी दिली आणि सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडून आयोगाला आवरावे लागले. कोणाला मत देऊ नये हे सांगणे हा प्रचाराचाच भाग आहे. तो हक्क आयोगाला धोकादायक वाटला. तीन वर्षांनी सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातली तेव्हा त्या तरुणांना हा अनुभव आठवला असल्यास नवल नाही.

१९८० ची आठवण

तरुणांच्या रेट्यामुळे नेपाळात मतदान घडून येण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९७९ मध्ये विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले तेव्हा राजे वीरेंद्र यांना सार्वमत जाहीर करावे लागले. २ मे १९८० रोजी ते झाले आणि पंचायत पद्धतीच्या बाजूने सुमारे ५५ टक्के तर बहुपक्षीय पद्धतीच्या बाजूने ४५ टक्के मते पडली. पक्षांवर वीस वर्षे बंदी होती, शासनयंत्रणा संपूर्णपणे राजाच्या हाती होती. गैरप्रकाराचे आरोप झाले. बिश्वेश्वरप्रसाद कोइराला यांनी मात्र निकाल स्वीकारला. ज्यांच्या पक्षाने १९५९ च्या पहिल्या निवडणुकीत १०९ पैकी ७४ जागा जिंकल्या, ज्यांना राजाने १९६० च्या डिसेंबरात पदच्युत करून आठ वर्षे तुरुंगात ठेवले, त्या समाजवादी नेत्याने पराभवाच्या क्षणीही लोकमताची रीत मोडली नाही. पक्षांवरील बंदी उठण्यास पुढे १९९० चे जनआंदोलन व्हावे लागले; पण त्याचे बीज त्या ४५ टक्के मतांत होते.

या इतिहासाकडे आजच्या तरुणांनीही पाहावे. सिंहदरबार जाळून यादी खुली होत नाही. सर्वोच्च न्यायालयाची इमारत जळाली, म्हणजे परदेशस्थ मजुराला मताचा हक्क देणाऱ्या आणि मोहिमेला संरक्षण देणाऱ्या संस्थेचेच घर जळाले. त्या दोन दिवसांत तुरुंगांतून तेरा हजारांहून अधिक कैदी पळाले, पोलिसांची शेकडो शस्त्रे लुटली गेली. ज्या देशात दहा वर्षे बंदूक फिरली तेथे पुढच्या निवडणुकीवर अशा शस्त्रांची छाया पडते. हंगामी पंतप्रधान कोण असावा याची चर्चा डिस्कॉर्ड या समाजमाध्यमावर झाली आणि काही हजार जणांनी तेथे कौलही दिला. त्या उत्साहाचे कौतुक करावे. पण हातात मोबाईल आणि इंग्रजीची ओळख असलेल्या काही हजारांचा कौल हा रोल्पाच्या शेतमजूर स्त्रीचा किंवा सप्तरीच्या मुसहर तरुणाचा कौल नव्हे. जुन्या पक्षांनी ज्यांना बाहेर ठेवले त्यांना नव्या चळवळीने नकळत बाहेर ठेवू नये. पक्ष नकोतच असे म्हणून भागणार नाही. पक्ष हवेत, आणि त्यांच्या आत निवडणुका हव्यात.

आपल्यासाठी बोध

संघर्षातून बाहेर पडलेल्या देशाच्या निवडणुकीला बाहेरचे जग फार लवकर उत्तीर्ण ठरविते. निरीक्षक येतात, मतदान शांततेत पार पडले असे प्रशस्तिपत्र देतात आणि विमानाने परत जातात. त्यांच्या तक्त्यात जे हजर होते त्यांची नोंद असते; जे हजर राहू शकले नाहीत त्यांच्यासाठी रकाना नसतो. बेपत्ता झालेल्यांच्या कुटुंबांसाठीही नसतो. २०१५ मध्ये सत्यनिरूपण आणि बेपत्ता व्यक्तींची चौकशी यांसाठी दोन आयोग स्थापन झाले, साठ हजारांहून अधिक तक्रारी आल्या, कायद्यात समाधानकारक दुरुस्ती व्हायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. ज्याच्या वडिलांचा पत्ता लागलेला नाही त्या तरुणाला दोन्ही बाजूंचे जुने सेनानी मतपत्रिकेवर एकत्र दिसतात. त्याच्या मतस्वातंत्र्यावर कोणी बंदूक रोखलेली नसते, तरी त्याची निवड मोकळी नसते.

तेव्हा नेपाळातील तरुणांच्या मागण्यांचा गाभा थोडक्यात असा मांडता येईल: परदेशी राबणाऱ्यांना मत, मतदाराला क्रम बदलता येईल अशी खुली यादी, उमेदवार नाकारण्याचा हक्क, निवडणूक खर्चाची खरी तपासणी आणि संघर्षकाळातील गुन्ह्यांचा न्याय. यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. दोन तर न्यायालयाने केव्हाच मान्य केल्या आहेत. ज्या पक्षाचे सरकार त्या अमलात आणील ते नेपाळच्या लोकशाहीचे ऋण फेडील. जे टाळील त्याला, मग ते कितीही नवे आणि कितीही तरुण असो, आज ना उद्या त्याच रस्त्यावर त्याच प्रश्नांना तोंड द्यावे लागेल.

भारतीय समाजवाद्यांचे नेपाळशी जुने नाते आहे. नेपाळी राष्ट्रीय काँग्रेस १९४७ मध्ये कलकत्त्यात स्थापन झाली. १९४९ मध्ये नेपाळमधील राणाशाहीविरुद्ध दिल्लीत निदर्शने करताना डॉ. राममनोहर लोहियांना अटक झाली. त्या नात्याचा आजचा अर्थ शेजाऱ्याला उपदेश करणे असा नव्हे. आपल्या गावात, आपल्या वस्तीत जो नेपाळी कामगार आहे त्याला मतदानासाठी रजा आणि बुडालेली रोजी मिळावी, हे त्याच्या मालकाला सांगणे कार्यकर्त्यांना शक्य आहे. सीमा बंद करण्याची वेळ कामगारांच्या येण्याजाण्याशी जुळविली जावी, अशी मागणी दोन्ही सरकारांकडे करणेही शक्य आहे.

आणि मग आरसा स्वतःकडेही वळवावा. बीडचा ऊसतोड कामगार कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो, बिहारचा मजूर सुरतेत राबतो. निवडणूक हंगामात आली तर त्यांचे मत गावी राहते आणि ते फडात किंवा गिरणीत. आपल्या निवडणूक आयोगाने स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानयंत्राचा प्रस्ताव जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे ठेवला. यंत्राविषयी शंका निघाल्या आणि प्रस्ताव मागे पडला. यंत्राविषयी शंका घेण्याचा हक्क आहेच. पण यंत्र नको असेल तर दुसरी कोणती सोय हवी, हे शंका घेणाऱ्या पक्षांनी अद्याप सांगितलेले नाही, आणि त्यांत आपले मित्रपक्षही आहेत. परदेशी गेलेल्या नेपाळी तरुणाच्या मताविषयी बोलताना ऊसतोडणीला गेलेल्या आपल्या माणसाच्या मताविषयी गप्प राहिलो, तर आपल्या बोलण्याला वजन येणार नाही. त्या दोघांची मागणी एकच आहे, आणि पक्षाच्या येत्या कार्यक्रमात तिला जागा मिळाली पाहिजे.